गालांवरची लाली आणि डब्यातले दहा रंग

तुळशीचे लग्न लागले की हिंगोली जिल्ह्यात लग्नसराईची चाहूल लागते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांच्या बाजारपेठांत बस्त्याची गर्दी सुरू होते. शालू, बांगड्या, रुखवताचे सामान यांच्या यादीत अलीकडे एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे गालांच्या मेकअपची, अनेक रंगांच्या खणांची पॅलेट. आरशाचे झाकण उघडावे आणि आत गुलाबी, पीच, विटकरी, जांभळट, सोनेरी असे सहा, आठ, कधी बारा रंग ओळीने मांडलेले दिसावेत, असा हा डबा असतो. नवरीची बहीण तो पुण्याहून आणते, नाही तर घरपोच मागवते.

अशा लग्नघरात एक प्रश्न केव्हा ना केव्हा निघतोच. घरातील आजी तो डबा हातात घेतात, रंग पाहून कौतुक करतात आणि सहज विचारतात, “बाई, हा लाल रंग कशाचा गं?” रात्री पाणी गाळून घेणाऱ्या, भाजी निवडताना अळी दिसली तर ती अलगद बाजूला ठेवणाऱ्या आजींचा हा प्रश्न अगदी स्वाभाविक असतो. पण त्याचे उत्तर खोलीतील कोणालाच ठाऊक नसते. कोणी म्हणते, “केमिकलचा असेल.” कोणी म्हणते, “परदेशी कंपनी आहे, चांगलाच असणार.” आणि विषय तेथेच थांबतो.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर डब्याच्या मागील बाजूस छापलेले असते. ते कसे वाचावे, आणि अनेक रंगांच्या डब्यावर ते वाचणे अधिक कठीण का होते, हे समजून घेतले तर खरेदीचा निर्णय सोपा होतो.

डबा नेमका कशाचा?

गालांच्या पॅलेटमध्ये सामान्यतः चार प्रकारचे रंग असतात. ब्लश म्हणजे गालांवर लाली आणणारा रंग. ब्रॉन्झर म्हणजे चेहऱ्याला उन्हात आलेली हलकी तांबूस झाक देणारा रंग. कॉन्टूर म्हणजे गालफडाखाली किंवा हनुवटीच्या कडेला सावलीचा आभास निर्माण करणारा तपकिरी रंग, आणि हायलायटर म्हणजे गालाच्या उंचवट्यावर चमक आणणारा रंग. काही डब्यांत हे चारही असतात, तर काहींत केवळ ब्लशच्याच अनेक छटा असतात. स्वरूपाने ते दाबून बसवलेल्या पावडरचे असतात किंवा क्रीमचे.

गुण कोणते?

या डब्यांचे काही फायदे निःसंशय आहेत. पहिला फायदा छटा जुळवण्याचा. आपल्याकडील गव्हाळ, सावळ्या आणि निमगोऱ्या वर्णांवर फिकट गुलाबी ब्लश लावला की तो अनेकदा राखाडी दिसतो. अशा त्वचेवर विटकरी, गडद पीच किंवा जांभळट लाल रंग खुलतो. दुकानातील पांढऱ्या दिव्यांत एकच रंग निवडताना फसगत होते. डब्यात दोन-तीन छटा हाताशी असल्या तर त्या एकमेकींत मिसळून आपल्या वर्णाची छटा साधता येते.

दुसरा फायदा प्रसंगानुरूप बदलाचा. हळदीच्या दिवशी पिवळ्या साडीवर पीच, लग्नाच्या शालूवर गडद लाल, स्वागत समारंभाच्या झगमगाटात थोडी चमक, हे सारे एकाच डब्यात मिळते. तिसरा फायदा सामानाचा. चार वेगळ्या डब्यांऐवजी एकच डबा पर्समध्ये जातो. व्यवसाय म्हणून मेकअप करणाऱ्या भगिनींसाठी तर हा डबा उपयुक्तच आहे. रोज निरनिराळ्या वर्णाच्या चेहऱ्यांवर काम करणारीला दहाही रंग लागतात आणि ते संपतातही.

दोष कोणते?

घरगुती वापरात मात्र चित्र वेगळे दिसते. साधा हिशेब करून पाहावा. एका खणात चार ग्रॅम रंग आहे असे धरले, तर आठ खणांत बत्तीस ग्रॅम होतात. सणासमारंभापुरता मेकअप करणाऱ्या स्त्रीला चार ग्रॅम ब्लश वर्षभर सहज पुरतो. त्यातही तिला शोभणाऱ्या छटा दोन किंवा तीनच असतात. त्या तेवढ्या झिजतात आणि उरलेले खण जसेच्या तसे राहतात. “दहा रंग इतक्या स्वस्तात” असे वाटून घेतलेला डबा प्रत्यक्षात दोन रंगांसाठी दिलेली मोठी किंमत ठरतो.

या उरलेल्या रंगांना आयुष्यही मर्यादित असते. वेष्टनावर उघड्या झाकणाच्या बरणीचे एक छोटे चित्र असते आणि त्यात १२ किंवा २४ असा अंक असतो. डबा उघडल्यापासून तितके महिने तो वापरावा, असा त्याचा अर्थ. पावडर त्या मानाने अधिक टिकते. क्रीम लवकर बिघडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा क्रीमचे खण मऊ पडतात, तेल सुटते आणि शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. पावडरचे खण उष्णतेला टिकतात, पण एसटीच्या प्रवासात एक जोराचा धक्का बसला की भुगा होतात. एक खण फुटला की त्याची पूड साऱ्या डब्यावर पसरते.

आणखी एक दोष आरोग्याचा आहे. लग्नघरात एकच डबा आणि एकच ब्रश पाच-सहा जणींच्या चेहऱ्यावरून फिरतो. एखादीला पुरळ किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर तो दुसरीपर्यंत जाऊ शकतो. क्रीमच्या खणात बोट बुडवून लावण्याची सवय असेल तर धोका अधिक. प्रत्येकीसाठी स्वतंत्र ब्रश ठेवणे, ब्रश साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे, आणि नवा रंग आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस थोडा लावून एक दिवस पाहणे, एवढी काळजी पुरेशी असते.

लाल रंग येतो कोठून?

हे गुणदोष कोणत्याही घराला लागू आहेत. जैन घराला मात्र आजींच्या प्रश्नाकडे परतावे लागते.

गालांच्या लालीत वापरल्या जाणाऱ्या लाल रंगांचे ढोबळमानाने तीन उगम आहेत. पहिला खनिज. आपल्या अंगणातला गेरू ज्या आयर्न ऑक्साइडमुळे तांबडा दिसतो, तेच द्रव्य कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार करून वापरले जाते. वेष्टनावर त्याचा क्रमांक ‘सीआय ७७४९१’ असा असतो. दुसरा उगम कृत्रिम, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेले रंग. उदाहरणार्थ ‘सीआय १५८५०’ किंवा ‘सीआय ४५४१०’. आणि तिसरा उगम प्राणिज. तोच ‘कार्माइन’, क्रमांक ‘सीआय ७५४७०’. खाद्यपदार्थांत हाच रंग ‘ई १२०’ या नावाने येतो.

कार्माइन हा कोशिनिल नावाच्या कीटकापासून मिळतो. मेक्सिको आणि पेरू या देशांत निवडुंगाच्या फड्यांवर हे छोटे कीटक वाढवले जातात. त्यांतील माद्या खरवडून गोळा करतात, गरम पाण्याने, वाफेने किंवा उन्हात मारतात, वाळवतात आणि त्यांच्यापासून लाल द्रव्य काढतात. एक किलो वाळलेल्या कोशिनिलसाठी सुमारे लाख-दीड लाख कीटक लागतात. सोळाव्या शतकात स्पेनच्या व्यापाऱ्यांनी हा रंग युरोपात नेला आणि तो कशापासून होतो हे दीर्घकाळ गुपित ठेवले. आजही पेरू हा त्याचा सर्वांत मोठा उत्पादक आहे.

कृत्रिम रंग उपलब्ध असताना कार्माइन का वापरतात, असा प्रश्न पडेल. त्याचे कारण त्याच्या छटेत आहे. आयर्न ऑक्साइडचा लाल रंग विटकरीकडे झुकतो. निळसर झाक असलेला स्वच्छ गुलाबी किंवा जांभूळलाल रंग कार्माइनने सहज साधतो, आणि तो प्रकाशात व उष्णतेत लवकर फिका पडत नाही. शिवाय त्याला ‘नैसर्गिक’ म्हणता येते. ‘नैसर्गिक रंग’ हे शब्द वाचून निश्चिंत होणाऱ्या श्राविकेने म्हणूनच थोडे थांबावे. कीटकही निसर्गातलाच असतो.

हा प्रश्न केवळ परदेशाचा आहे असेही नाही. भारतात पूर्वी आळत्यासाठी लाखेचा रस वापरत, आणि लाख हीदेखील कीटकांपासूनच मिळते. श्रावकाच्या आचारधर्मात त्रस जीवांची संकल्पपूर्वक हिंसा वर्ज्य मानली आहे. चालताना, स्वयंपाक करताना, शेती करताना नकळत होणारी हिंसा वेगळी आणि केवळ गालावरच्या एका छटेसाठी जाणूनबुजून केलेली हिंसा वेगळी, हा विवेक आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला आहे.

अनेक खणांची अडचण

येथेच अनेक रंगांच्या डब्याचा सर्वांत मोठा दोष समोर येतो, आणि तो जाहिरातीत कोठेही दिसत नाही. एकाच रंगाची ब्लशची डबी घेतली तर तिच्या घटकांची यादी त्या एका रंगाचीच असते. कार्माइन आहे की नाही, हे एका नजरेत कळते. पॅलेटवर मात्र बहुतेक वेळा आधी सर्व खणांना समान असलेले घटक देतात आणि शेवटी ‘यांपैकी असू शकतात’ अशा अर्थाचे शब्द किंवा अधिक-उणे अशी जोडखूण देऊन रंगांचे सारे क्रमांक एकत्र लिहितात. त्यात ‘सीआय ७५४७०’ असेल, तर तो दहा खणांपैकी एकात आहे की सातांत, हे ग्राहकाला समजत नाही.

गुलाबी आणि जांभळट छटांत तो असण्याची शक्यता अधिक आणि तपकिरी छटांत कमी, असा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच. आणि समजा तो एकाच खणात असला, तरी घरी आलेला डबा एकच असतो. एक रंग नको म्हणून उरलेले नऊ ठेवावेत, तर तोच ब्रश सर्व खणांतून फिरतो. एका डबीचा निर्णय स्पष्ट असतो; दहा खणांचा निर्णय धूसर होतो.

हिरव्या ठिपक्याचा प्रवास

खाद्यपदार्थांच्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. तसाच ठिपका सौंदर्यप्रसाधनांवर असावा, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. घटकांचा उगम शाकाहारी की मांसाहारी हे ग्राहकाला कळले पाहिजे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. त्यातील सौंदर्यप्रसाधनांबाबतचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केला. पुढे २०१४ मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि अन्य प्रसाधनांवर हिरवा किंवा तांबडा-तपकिरी ठिपका आवश्यक केला. पण उत्पादकांच्या विरोधामुळे तो प्रश्न पुन्हा वादात अडकला. २०२१ मध्ये औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने सक्तीस अनुकूलता दर्शवली नाही आणि ठिपका ऐच्छिक राहिला. म्हणून डब्यावर ठिपका नाही याचा अर्थ तो डबा मांसाहारी, असा होत नाही. आणि शाकाहारी, असाही होत नाही. यादी वाचणे हाच मार्ग उरतो.

अमेरिकेत २०११ पासून खाद्यपदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनांवर कार्माइनचे नाव स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे. तेथे त्यामागे कारण होते ते ॲलर्जीचे, कारण काही व्यक्तींना या रंगाची तीव्र ॲलर्जी होते.

आणखी एका शब्दाची गफलत नेहमी होते. ‘क्रुएल्टी फ्री’ म्हणजे त्या वस्तूची प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या अशा चाचण्यांवर २०१४ मध्येच बंदी आली आणि प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांची आयातही त्याच वर्षी बंद झाली. परंतु या शब्दांतून घटकांविषयी काहीच कळत नाही. ‘क्रुएल्टी फ्री’ डब्यात कार्माइन असू शकतो. ‘व्हीगन’ असे लिहिलेले असेल, तरच त्यात प्राणिज घटक नाहीत असा निर्मात्याचा दावा असतो.

लाल रंगापलीकडचे घटक

रंगाखेरीज आणखी चार गोष्टी पाहाव्यात. क्रीमच्या ब्लशमध्ये मधमाशीचे मेण असू शकते. मध वर्ज्य करणाऱ्या घराला हे ठाऊक असावे. मोत्यासारखी चमक आणणारा ‘ग्वानिन’, क्रमांक ‘सीआय ७५१७०’, हा माशांच्या खवल्यांपासून मिळतो. पावडर दाबून बसवण्यासाठी वापरले जाणारे स्टीअरेट वनस्पतिजन्य तेलापासूनही होते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. यादीवरून फरक कळत नाही, त्यासाठी कंपनीला विचारावे लागते. आणि डब्यासोबत येणारा मऊ ब्रश बकरीच्या किंवा खारीच्या केसांचा असू शकतो. कृत्रिम तंतूंचे ब्रश आता सर्वत्र मिळतात आणि ते धुवायलाही सोपे असतात.

चमक बहुधा अभ्रकामुळे येते. अभ्रक खनिज आहे. पण झारखंड आणि बिहारमधील अभ्रकाच्या खाणींत लहान मुलांना राबवले जाते, हे वारंवार उघड झाले आहे. अहिंसेचा विचार कीटकापाशी थांबत नाही. तो त्या मुलांच्या हातांपर्यंतही जातो. अभ्रक कोठून घेतले, हे काही कंपन्या जाहीर करतात. तसे जाहीर करणारीला पसंती देणे ग्राहकाच्या हातात आहे.

हिंगोलीचा स्वतःचा लाल

हिंगोली जिल्ह्याला लाल रंगाचे एक जुने गुपित ठाऊक आहे. भौगोलिक मानांकन लाभलेली वसमतची हळद सर्वत्र जाते. या पिवळ्या हळदीला चुना किंवा टाकणखाराचा संस्कार झाला की ती लाल होते. पारंपरिक कुंकू असेच तयार होते. एकाही जीवाला न दुखावता पिवळ्याचे लाल करणारी ही किमया आपल्या आज्या-पणज्यांना परिचित होती.

म्हणून कुंकूच गालांना लावावे काय? तसे मात्र करू नये. कुंकवातील क्षार गालांच्या नाजूक त्वचेला सोसत नाही, आणि आज बाजारातील पुष्कळसे कुंकू हळदीचे नसून कृत्रिम रंगाचे असते. त्यामुळे कपाळावर काळे डाग पडल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना परिचित आहेत. घरगुती उपाय म्हणून बीटाचा रसही सांगितला जातो. पण बीट हे कंदमूळ. जे ताटात नको ते गालावर चालेल काय, हा निर्णय ज्या त्या घराने आपल्या नियमांनुसार करावा. गेरूच्या कुळातील आयर्न ऑक्साइडचा विटकरी रंग मात्र गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर छान खुलतो आणि हा प्रश्नच उद्भवू देत नाही.

खरेदी करताना

दुकानात उभे राहून पाच गोष्टी पाहाव्यात. यादीत कार्माइन, कोशिनिल किंवा ‘सीआय ७५४७०’ आहे काय? निर्मात्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख छापली आहे काय? वस्तू परदेशी असेल तर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक आहे काय? दहा रंगांपैकी प्रत्यक्षात किती वापरले जातील? आणि ग्रॅमच्या हिशेबाने किंमत किती पडते? जत्रेत किंवा रस्त्यावर नामांकित कंपनीच्या नावाने मिळणाऱ्या अतिस्वस्त डब्यांवर अनेकदा यांतील काहीच नसते. कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत शिशाचे संयुग रंग म्हणून वापरता येत नाही. परंतु बनावट डब्यात काय आहे, याची हमी कोण देणार? अशा मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

मेकअपचा व्यवसाय करणाऱ्या भगिनींनी पॅलेट अवश्य घ्यावी, मात्र कार्माइनविरहित घ्यावी. घरच्या वापरासाठी, ज्यांची यादी स्पष्ट आहे अशा एकेरी रंगाच्या दोन डब्या, एक विटकरी आणि एक पीच, पुष्कळ होतात. मुलीला भेट द्यायची असेल तर तिच्यासोबत बसून यादी वाचावी. तिच्या आवडीवर टीका करण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते.

मल्लीची सुवर्णप्रतिमा

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर येथे श्री मल्लिनाथ भगवंतांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. जिल्ह्यातील आणि मराठवाड्यातील जैन कुटुंबांना ते सुपरिचित आहे. एकोणिसाव्या तीर्थंकरांविषयी दोन्ही परंपरांत काही भेद आहेत. श्वेतांबर परंपरा त्यांना मल्लीकुमारी या राजकन्येच्या रूपात पाहते, आणि ज्ञाताधर्मकथेत तिची एक कथा येते.

मल्लीच्या रूपाची कीर्ती ऐकून सहा राजे तिला मागणी घालण्यासाठी मिथिलेवर चालून आले. मल्लीने आपल्यासारखीच हुबेहूब एक सुवर्णप्रतिमा घडवून घेतली होती. ती आतून पोकळ होती आणि मस्तकावर कमळाचे झाकण होते. रोज जेवणातील एक घास ती त्या प्रतिमेत टाकत असे. राजे प्रतिमेच्या सौंदर्यावर मुग्ध झाले तेव्हा मल्लीने झाकण काढले. आतील दुर्गंधीने सर्वांनी नाके झाकली. बाहेरून देखण्या देहाच्या आत काय आहे ते पाहा, एवढेच तिला सांगायचे होते.

या कथेचा अर्थ साजशृंगार करूच नये असा घेण्याचे कारण नाही. गृहस्थाश्रमात सौंदर्याला स्थान आहे. श्रावकाच्या व्रतांत उपवासाच्या दिवशी शृंगाराचा त्याग सांगितला आहे, म्हणजे इतर दिवशी तो गृहीत धरलेला आहे. भोगोपभोगपरिमाण व्रतही उपभोगाला मर्यादा घालायला सांगते. किती रंग पुरेत, हा प्रश्न त्या व्रताच्या कक्षेतच येतो. मल्लीची कथा शिकवते ती एकच गोष्ट: झाकण उघडून आत पाहावे.

पुढच्या लग्नघरात आजींनी पुन्हा विचारले, “बाई, हा लाल रंग कशाचा गं?” तर नातीने डबा उलटा करावा, बारीक अक्षरांतली यादी वाचावी आणि सांगावे, “आजी, हा गेरूसारख्या आयर्न ऑक्साइडचा. यात कीटक नाही.” मग आजींनीच तिच्या गालावर त्या रंगाचे एक बोट फिरवावे.